काळं जाकीट

शिवणाचं वेड तुला लावलं कुणी, असं माझी नात मला अधूनमधून विचारते. मी तिला काहीबाही सांगते. आमच्या आळीत एक शिंपी होता, त्याच्या दुकानासमोर उभी राहायचे वगैरे. शिंपी होता हे खरं, पण त्याच्याकडून मी काही शिकले नाही. खरं सांगायला गेले तर कल्याणच्या आमच्या पडवीत सुरुवात करावी लागते आणि ठाण्याच्या दिवाणखान्यात यावं लागतं. तिथे आले की अजूनही माझे कान तापतात. एवढी म्हातारी झाले, दात गेले, ऐकू कमी येतं, पण तापायला कान अजून तयार! म्हणून एकदा लिहूनच टाकते. तोंडाने सांगवणार नाही.

माझं माहेर कल्याणचं, पारनाक्याजवळ. वडील एका वकिलाकडे कारकून. घरात आम्ही चारच माणसं: आईवडील, मी आणि माझा धाकटा भाऊ. आईला कापडाची भारी हौस. हौस म्हणजे नेसण्याची नव्हे, नेसायला होतंच काय! लग्नातली एक पैठणी आणि रोजची दोन लुगडी. पण कापड बघण्याची, हाताळण्याची हौस. शेजारणी लुगडं घेण्याआधी आईला दाखवायला आणायच्या. आई ते पाहायची नाही, आधी गालाला लावायची. मग पदर उलटा करून आतली बाजू बघायची. "वरून काय, कुणीही नटतं गं. आतून बघावं," असं म्हणायची. दुपारी जेवणं आटोपली, भांडी निथळायला पालथी घातली, शेजारच्या घरातला जात्याचा आवाज थांबला की आम्ही दोघी पडवीत बसायचो आणि आई मला एखादा फाटका खण घेऊन काठ कसा जोडलाय ते दाखवत राहायची. मला बाहुल्यांपेक्षा तेच आवडायचं.

रेल्वेचा एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. वडिलांनी तिथून दप्तरं ठेवायला एक पेटी आणली. चांगली भक्कम, पितळी कड्यांची. ती उघडली तर तळाशी कागदात गुंडाळून मडमेचा एक झगा! मानेपासून टाचेपर्यंत काळा. वडील म्हणाले, "परत देऊन येतो." पण साहेब केव्हाच बोटीवर चढलेला, द्यायचा कुणाला? आजूबाजूला कळलं तर विटाळ-विटाळ म्हणून ओरडा होईल, तेव्हा आईने त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं आणि तो मागच्या पडवीत खुंटीला लावून ठेवला. स्वयंपाकघरात आणायचा नाही, त्याला हात लावला की अंघोळ केल्याशिवाय चुलीपाशी जायचं नाही, असा नियम ठरला. त्या थंडीच्या दिवसांत आई दुपारी दुसऱ्यांदा डोक्यावरून पाणी का घेते, हे वडिलांना बरेच दिवस कळलं नाही.

काय होता तो झगा! मी पुढे पुष्कळ उंची कपडे पाहिले, पण पहिलं प्रेम ते पहिलं. खालचं कापड रेशमी, आणि त्यावर दुसरं एक काळं कापड पट्ट्यापट्ट्यांनी बसवलेलं. ते दुसरं मोठं विलक्षण होतं. त्याला जराही चमक नव्हती. मुद्दाम चुरगाळून तसंच वाळवल्यासारखी बारीक सुरकुती सगळीकडे. क्रेप म्हणतात त्याला, हे मला मागून कळलं. गळ्याशी आणि मनगटाशी काळे मणी इतके दाट की हात लावला की किणकिण वाजायचे. कंबर तर एवढीशी! आई म्हणाली, "ही बाई जेवायची की नाही?" आम्ही झगा उलटा केला. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुंदर होती. प्रत्येक शिवणीच्या कडा रेशमी दोऱ्याने बांधलेल्या, कुठे एक सूत लोंबत नाही. कंबरेपाशी आतून एक वेगळी पट्टी, म्हणजे सगळा भार तिने उचलायचा आणि बाहेरच्या कापडावर ताण येऊ द्यायचा नाही. ज्याने हे केलं त्याने हे कुणी बघणार नाही हे माहीत असून केलं होतं. आई कितीतरी वेळ त्या पट्टीवरून बोट फिरवत राहिली. "कुणाच्या का हातची असेना," ती म्हणाली, "त्या हाताला नमस्कार."

मग आम्ही तो उसवायला घेतला. उसवल्याशिवाय कळणार कसं? रोज दुपारी थोडा थोडा. एकदा छातीच्या शिवणीतून एक काळपट, लवचिक काडी निघाली. आईने ती वाकवली, हुंगली आणि ओरडली, "अगं बाई, हाड आहे हे! जिवंत प्राण्याचं हाड!" ती काडी तिने अशी फेकली की थेट परसातल्या केळीत. अशा कितीतरी काड्या निघाल्या. सगळ्या चिमट्याने उचलून खाडीत सोडून आलो आणि दोघींनी अंघोळ केली. ते देवमाशाचं हाड असतं आणि भारी मोलाचं असतं, हेही मला मागूनच कळलं. आम्हांला सगळं मागूनच कळायचं.

माझं लग्न त्याआधीच झालेलं. सासर ठाण्याचं, मासुंद्याच्या तळ्याजवळ. मामंजी जिल्हा कोर्टात शिरस्तेदार, घरात दबदबा. आमचे हे मुंबईला शिकायला, सणावाराला तेवढे दिसायचे. सासूबाई वाईट नव्हत्या, पण आपला हुद्दा विसरू न देणाऱ्या. आई कधी आली तर "या विहीणबाई" म्हणायच्या आणि पाट मात्र दाराजवळचा द्यायच्या. आई तिथे पाणीही घ्यायची नाही. लेकीला मूल होईतो तिच्या घरचं खायचं-प्यायचं नाही ही रीतच होती, पण मला उगाच वाटायचं की त्या पाटामुळेच घेत नाही.

त्या वर्षी माझी सासरची पहिली संक्रांत होती. ठाण्याला नुकतेच नवे जज्जसाहेब आले होते आणि त्यांच्या मडमेने बंगल्याच्या व्हरांड्यात मुलींसाठी शिवणाचा वर्ग काढला होता. तिथे शिवणाचं यंत्र होतं! पायाने चालणारं! मला रात्रंदिवस दुसरं सुचत नव्हतं. ह्यांनी घरी शब्द टाकला, तेव्हा मामंजी म्हणाले, "मडमसाहेबांनी आपणहून बोलावलं तर जाऊ दे. आपण मागायचं नाही." सासूबाईंनी हळदीकुंकवाला मडमेला आमंत्रण दिलं, ते मामंजींच्या हुद्द्यासाठी. मी मात्र मनाशी वेगळंच ठरवलं. मडमेने आपणहून बोलवायला हवं ना? मग माझं काम तिच्या डोळ्यांत भरलं पाहिजे. पहिल्या संक्रांतीला नव्या नवरीने काळी चंद्रकळा नेसायची असतेच. त्यावर त्या झग्याचं जाकीट शिवून घालायचं.

आई म्हणाली, "शीव. पण आतून नीट शीव. बघणारी बाई आतून बघेल." महिनाभर मी कल्याणला होते. त्या पट्ट्या, ते मणी, ती कंबरेची आतली पट्टी, सगळं मी माझ्या मापाला बसवलं. एकीकडे आई हलवा करत होती. परातीत तीळ, खाली मंद निखारे, चमच्याने थेंब थेंब पाक घालायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. घाई केली की काटा येत नाही. तिची बोटं भाजून लाल झालेली. त्या हलव्याचे तिने माझ्यासाठी दागिने ओवले: हार, बाजूबंद, बिंदी, सगळं पांढरंशुभ्र. काळ्या जाकिटावर ते घालून मी उभी राहिले तेव्हा आई मागे सरून भिंतीला टेकली आणि म्हणाली, "इश्श! माझीच दृष्ट लागायची." मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या.

ठाण्याला सासूबाईंनी जाकिटाकडे नाक मुरडून पाहिलं, पण त्याही चंद्रकळेवर हलवा बघून "दिसतंय बरं" म्हणाल्या. दिवाणखाना बायकांनी भरून गेलेला. हिरवी, जांभळी, डाळिंबी लुगडी, अत्तर, गुलाबदाणी, तिळगुळाच्या ताटांवर विणलेले रुमाल. काळं नेसलेली मी एकटीच. मधोमध पाटावर मला बसवलेलं. आई कल्याणहून वाण घेऊन आलेली, दाराजवळच्या तिच्या नेहमीच्या जागी. आतल्या दाराच्या पडद्यामागे मामंजी येरझाऱ्या घालत होते, कारण मडम येणार होती.

मडम आली. तरुण होती, उन्हाने लाल झालेली, डोळे निळे. मुनशीकडून मराठी शिकलेली, त्यामुळे पोथीतलं बोलायची. सगळ्यांना "नमस्कार असो" म्हणाली. सासूबाईंनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. आणि मग तिची नजर माझ्यावर आली. ती माझ्या जाकिटाकडे बघत राहिली. बघतेय! आता उठेल, जवळ येईल, उलटून आतली शिवण बघेल. ती उठलीच. जवळ आली, सगळ्या बायकांसमोर खाली सतरंजीवर माझ्यापाशी बसली. बाहीवरच्या क्रेपला तिने बोट लावलं. मग माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि बघते तो तिचे डोळे भरून आलेले.

"मुली," ती हळूच म्हणाली, "तुझे कोण निवर्तले?"

संक्रांतीचा सण, भरल्या घरात सवाष्णी बसलेल्या, पाटावर नवी नवरी, आणि तिला विचारलं काय तर तुझं कोण मेलं! कुणीतरी "शिव शिव" म्हणालं. त्यांच्यात माणूस गेलं की बाई वर्षभर तसलाच काळा, बिनचमकीचा क्रेप घालते, मणीही तसलेच, हे आम्हांला कुठलं माहीत? आमची चंद्रकळा काळी, आमची गळ्यातली गरसोळी काळ्या मण्यांची, काळं म्हणजे आम्हांला हौसेचं. पांढरा हलवा तिला मोती वाटला होता, आणि सुतकात मोती चालतात त्यांच्यात. मी कुणा दुःखी बाईचं सुतक उसवून, मापाला बसवून, वर साखरेचे दागिने घालून मिरवायला बसले होते. हे सगळं त्या क्षणी मला समजलं नाही. एवढंच समजलं की भयंकर काहीतरी झालंय आणि ते माझ्या अंगावर आहे. सासूबाईंचा चेहरा काळाठिक्कर पडला. पडद्यामागची येरझार थांबली. मडम माझा हात धरून उत्तराची वाट बघत होती आणि तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. सासूबाईंनी तोंड उघडलं. त्या काय म्हणणार होत्या देव जाणे.

तेवढ्यात दाराजवळून आवाज आला, अगदी साधा, रोजचा.

"तिची आई गेली, बाईसाहेब."

आई बोलली होती. माझी आई. कपाळावर चिरीएवढं नव्हे, चांगलं ठसठशीत कुंकू, मांडीवर वाणाचं सुगडं.

मडमेने मला जवळ घेतलं. इंग्रजीत काहीतरी पुटपुटली. मग माझ्या डोक्यावरून आईकडे पाहून विचारलं, "आपण हिच्या कोण?"

"मी शेजारीण," आई म्हणाली.

आणि मी गप्प बसले. वीस-पंचवीस बायका, सगळ्यांना माहीत, ही हिची आई म्हणून. पण सगळ्या ताटांतल्या तिळगुळाकडे बघत बसल्या. मडमेने डोळे पुसले, आणि आता बाहीची शिवण बघितली, बाही थोडी उलटून आतून बघितली. "हे कोणी केले?" सासूबाई लगबगीने म्हणाल्या, "तिनेच हो, स्वतः!" मडम म्हणाली, "आई नसलेल्या मुलीने! हिला माझ्याकडे पाठवाल का? मी हिला शिकवीन. प्रत्येक दिवशी पाठवा." आपणहून म्हणाली. मला जे हवं होतं ते मला मिळालं. मला तोंडात माती घातल्यासारखं झालं.

मडम गेल्यावर बायका पटापटा उठल्या. सासूबाईंनी मला आधी ते जाकीट काढायला लावलं, हलवा ओरबाडून पोरांना वाटला. मग आईसमोर येऊन उभ्या राहिल्या. रागावतील असं मला वाटलं, पण त्या रागावल्या नाहीत. तेच वाईट. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "विहीणबाई, वेळ निभावून नेलीत. पण आता कसं करायचं? ह्यांची नोकरी कोर्टातली. जज्जसाहेबांच्या बायकोपुढे खोटं बोललो असं कळलं तर? मडम आता येत-जात राहणार. ती ठाण्यात आहे तोवर तुम्ही..." पुढचं त्या बोलल्या नाहीत.

"नाही येत," आई म्हणाली. "शेजारणीचं काय काम इथे!" आणि चक्क हसली.

मी तिला दारापर्यंत पोचवायला गेले. मला रडू आवरेना. "असं का म्हणालीस गं? दुसरं काहीही सांगायचंस!"

"कुणाचं नाव सांगू?" आई वैतागूनच म्हणाली. "ती बिचारी रडत होती, तिला तुम्ही चुकलात म्हणून तोंडावर सांगू? ह्या घरातल्या कुणाचं नाव घेतलं असतं तर तुझ्या सासूने तुला उभी जाळली असती. तुझ्या वडिलांचं घेऊ? माझं कुंकू मीच पुसू? तुझ्या भावाचं? मग उरलं कोण? मीच ना! आणि नवऱ्याआधी, अहेव गेले म्हण की, बरं असतं ते." पदराने तिने माझे डोळे पुसले. "खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. शीक तू नीट. आता बोलवलंय ना!" गल्लीच्या वळणावर ती दिसेनाशी झाली. सकाळपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

मी शिकले. हे लिहितानासुद्धा लाज वाटते की मन लावून शिकले, आनंदाने शिकले. यंत्र चालवायला, कागदावर माप काढायला, कापड तिरकं कापून ते अंगावर पाण्यासारखं कसं सोडायचं ते. मडमेकडे पॅरिसहून आलेला एक झगा होता, मेजवानीचा, मोतिया रंगाचा. तो तिने एकदा पलंगावर पसरला आणि मला म्हणाली, "उलटा कर. तुला आवडते ना?" मी उलटा केला. आतली कंबरपट्टी, कडांची बांधणी, आणि अस्तरावर इतके बारीक टाके की सुईच लागली नसेल असं वाटावं! मी जमिनीवर बसून त्याच्याकडे तासभर पाहिलं असेल. आणि पाहताना प्रत्येक क्षणी आईची आठवण, की हे तिने पाहायला हवं, हे तिने गालाला लावायला हवं. आई तिथून गाडीने थोड्याच अंतरावर, कल्याणला भाकऱ्या थापत होती.

मडम स्वभावाने फार चांगली. रोज मला विचारायची, तुझी आई कशी होती? काय खायला करायची? मी सांगायचे. "अळूचं फदफदं छान करायची. हसायची फार. कापड आधी गालाला लावायची." होती, करायची, लावायची! आईला मी रोज दुपारी त्या व्हरांड्यात मारत होते. आणि मडम ऐकता ऐकता शिवण बाजूला ठेवायची, कारण तिचंही एक बाळ विलायतेत दगावलेलं, हे तिने मला हळूहळू सांगितलं. तिचं दुःख खरं आणि माझं खोटं. तिच्यासमोर मी ते काळं जाकीट घालूनच जायचे, नाहीतर तिला वाईट वाटलं असतं. माझी नात म्हणेल, आजी, सांगून टाकायचं होतंस. हो गं बाई, सांगून टाकायचं होतं. आता तुझ्या वयाच्या मुली सांगतात फडाफडा. आम्ही नाही सांगू शकलो.

वर्ष झालं. संक्रांत आली आणि गेली, आई ठाण्याला आली नाही. एक दिवस मडमेने मला बसवलं आणि म्हणाली, "आता काळे पुरे. एकदम रंग घालू नये. आमच्यात आधी हा घालतात." आणि तिने माझ्या मांडीवर रेशमाचा एक तुकडा ठेवला. फिका जांभळा, मावळतीनंतर खाडीवर थोडा वेळ राहतो ना, तसला. तिने तो विलायतेहून माझ्यासाठी मागवला होता. असं रेशीम मी आयुष्यात हातात धरलं नव्हतं. मी तिच्या पाया पडले आणि मान वर केली नाही.

ते मला अंगाला लावणं शक्य नव्हतं. मी त्याची चोळी बेतली, आईच्या मापाची. मडमेने शिकवलं होतं तेवढं सगळं त्यात घातलं. कडा रेशमाने बांधल्या, टाके असे घातले की दिसू नयेत. माहेरी गेले तेव्हा दुपारी पडवीत ती आईच्या हातात दिली. आईने आधी गालाला लावली. मग उलटी केली आणि आतून बघत राहिली, इतका वेळ की मला काय करावं कळेना. मग मी तिला सगळं सांगितलं: हे कापड कुणी दिलं, कशासाठी दिलं, त्यांच्यात वर्ष सरल्यावर हा रंग घालतात ते. रडत रडतच सांगितलं. म्हटलं, "नको घालूस आई, मी उगाच शिवली, अभद्र आहे."

आईने मला पुरतं बोलू दिलं. मग उठून आत गेली, ती चोळी घालूनच बाहेर आली. दोन्ही हात पुढे करून बाह्या बघितल्या.

"बसली गं छान," ती म्हणाली. "अभद्र कशाने? माझ्यासाठीच तर दिलंय तिने."